भरती न येणारा समुद्र

माझ्या खिडकीत, पुस्तकांच्या शेजारी, एक तपकिरी गोळा ठेवलेला आहे. आकाराने लिंबाएवढा, केसाळ, हाताला नारळाच्या काथ्यासारखा लागणारा आणि वजनाला जवळजवळ काहीच नसणारा. घरी येणारा प्रत्येक जण तो उचलतो, नाकाशी नेतो आणि विचारतो, हे काय आहे. घरटे आहे का, फळ आहे का, एखाद्या जनावराने टाकलेले काही आहे का. समुद्राच्या तळाशी उगवणाऱ्या एका गवताचे तंतू लाटांमध्ये वळून वळून असा गोळा तयार होतो, एवढे मी नंतर वाचून काढले आहे. पण ज्या बाईने तो माझ्या तळहातावर ठेवला, तिने त्याची ओळख निराळीच करून दिली होती.

"समुद्राला एका जागी बसून बसून कंटाला आला का तो असं लाडू वलतो," चांगुणाकाकी म्हणाली होती. "तिकरं समुद्राला दुसरं कामच नाय, गो बाय."

ती हे थट्टेने म्हणाली की खरेच तिला तसे वाटत होते, हे मला तेव्हा समजले नाही. आजही समजलेले नाही. चांगुणाकाकीविषयी लिहायला बसले की प्रत्येक वाक्याच्या शेवटी असे एक न समजलेले काही उरते. तरी लिहिते, कारण आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरचे तिचे दार आता बंद आहे, आणि त्या दारासमोरून जाताना सुक्या जवळ्याचा आणि उन्हात वाळलेल्या सुती लुगड्याचा तो मिश्र वास अजून येतो की मला नुसता आठवतो, तेही मला नीट सांगता येत नाही.

पनवेलच्या कडेला आमची इमारत उभी आहे ती तिच्या सासरच्या भातशेतीवर. जमीन देताना घरच्यांनी वरच्या मजल्यांवरचे प्रशस्त फ्लॅट घेतले. हिने हट्टाने तळमजला मागितला. "पाय जमिनीला लागाया पायजे," एवढेच कारण. माहेर उरणकडचे, मिठागरवाल्यांचे. बापाचे मिठागर जिथे होते तिथे आता द्रोणागिरीची गोदामे आहेत, आणि त्या गोदामांवरून नजर टाकत ती मला एकदा म्हणाली होती, "ह्या इथं मीठ पिकायचं. आता डबे पिकतात." डबे म्हणजे कंटेनर. ठेंगणी, चौकोनी बांध्याची, कपाळ रुंद, नाकात जुन्या घडणीची नथणी. पण तिच्या पावलांकडेच लक्ष आधी जाई. बोटे एकमेकांपासून फाकलेली, टाचा मिठाने चिरलेल्या, आणि चालताना प्रत्येक पाऊल आधी जमिनीची चौकशी करून मग टेकवल्यासारखे.

मी घाटावरची. नदी म्हणजे एकाच दिशेने वाहणारे पाणी, एवढीच माझी समज. इथल्या महाविद्यालयात कविता शिकवायला आले तेव्हा दिवसातून दोनदा मागे फिरणारे पाणी माझ्या गावीही नव्हते. पहिल्याच आठवड्यात जिन्यात भेट झाली. मला नखशिखांत न्याहाळून ती म्हणाली, "नवीन ना तू? वहोटी लागली का ये खाली, वालाच्या शेंगा देते."

मी घरी येऊन घड्याळाकडे पाहत बसले. ओहोटी किती वाजता लागते, हे कोणाला विचारायचे? संध्याकाळी धीर करून खाली गेले, तर दार उघडत ती म्हणाली, "आता आलीस? आता तर भरतीला सुरुवात झाली. शेंगा शिजवून खाल्ल्या आमी."

घड्याळ तिच्या घरात होते, पण ते भिंतीवरच्या देवांच्या तसबिरींसारखे. त्याला हार घालायचा, त्याच्याकडून काम करून घ्यायचे नाही. तिचा दिवस खाडीवरून चाले. खाडी आमच्या इमारतीवरून दिसत नाही. मध्ये रस्ता आहे, दुकाने आहेत, भराव टाकून उंच केलेली मोकळी जमीन आहे. तरी पोळ्या लाटता लाटता तिचे लाटणे मध्येच थांबे, मान किंचित कलती होई आणि ती म्हणे, "वलली." म्हणजे पाणी वळले. तिच्या अंगात कुठेतरी एक बारीक पन्हळ होती आणि तिच्यातून ते पाणी ये-जा करत असावे, असे मला वाटे. मी एकदा पडताळा पाहायला रिक्षा करून पुलापर्यंत गेले होते. चिखल उघडा पडू लागला होता, बगळे उतरत होते. पाणी खरोखरच वळले होते.

तिचे एक पालुपद होते. "पानी कोंडू नये." मोरी तुंबली तरी तेच, पेजेचे पातेले झाकले तरी तेच, शेजारच्या सुनेने भांडणानंतर अबोला धरला तरी तेच. माझे वडील गेल्यावर मी कोरड्या डोळ्यांनी वर्गावर जात राहिले, तेव्हा तिने मला तळमजल्यावर ओढून नेले, पाटावर बसवले, समोर कांद्यांची टोपली ठेवली आणि म्हणाली, "चीर. सगले चीर. पानी कोंडू नये." मी कांदे चिरले आणि पुष्कळ रडले. त्या कांद्यांचे तिने काय केले, ते मी विचारले नाही. पण पुढे दोन दिवस आमच्या साऱ्या जिन्याला सुकटीच्या कालवणाचा वास येत होता.

सोसायटीशी तिचे वैर होते ते गच्चीवरून. गच्चीवर ती जवळा वाळत घालायची. एकदा बैठकीत वरच्या मजल्यावरचे निवृत्त साहेब म्हणाले, "वास फार येतो हो. ही निवासी इमारत आहे."

"माशांचाच वास येतोय ना?" काकीने विचारले.

"मग कशाचा?"

"नाय, मना वाटलं तुमाला आमचा येतोय. माशांचा असंल तर वारा फिरला का जाईल." एवढे बोलून ती उठून गेली. बैठकीत कोणाला हसावे की ओशाळावे हे कळले नाही. जवळा गच्चीवर वाळतच राहिला.

तिचा एकुलता मुलगा दिनेश. आधी बोटीवर खानसामा, मग ग्रीसमधल्या एका बेटावर, समुद्रकाठच्या एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात. तिथलीच बायको केली. तो दर वर्षी आईला बोलवायचा आणि ती दर वर्षी म्हणायची, "राब भाजायचा हाय," "लावणी हाय," "गणपती हायत." शेती केव्हाच संपली होती, भात लावायला बोटभर जमीन उरली नव्हती, पण निमित्ते अजून शेतीचीच निघत. शेवटी एका वैशाखात दिनेश स्वतःच येऊन तिला घेऊन गेला.

तिथून तिचा पहिला फोन आला तो मला अजून ऐकू येतो. मागे वारा होता, कुठेतरी भांड्यांचा आवाज होता, आणि ती कुजबुजल्यासारखी बोलत होती, जणू समुद्राने ऐकू नये.

"गो बाय, हा समुद्र हलत नाय."

"लाटा नाहीत?"

"लाटा हायत. लाटा तर ताटलीत पन येतात. पन पानी जागचं जात नाय. सकाली ज्या दगराला टेकलंय, संध्याकाली त्याच दगराला. मी दिवसभर बसून बगितलं."

"दिनेशला विचारलंत?"

"विचारलं, वहोटी कवा असते. तो म्हंतो, असते थोरी. त्याला टायमच नाय. मना वाटतं आता भांग चाललाय."

भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची मंद भरती-ओहोटी, हे एव्हाना मला तिच्याकडूनच समजले होते. आणि अमावास्या-पौर्णिमेचे ते उधाण. "अवस येवदे," ती म्हणाली, "मग बगते कसा हलत नाय ते."

त्या फोनांमधून मी ते बेट पाहिले. रिसॉर्टची पांढरी घरे, निळ्या छत्र्या, त्यांच्याखाली तेल लावून पडलेली माणसे. "उनात जवला घालावा तशी घालून ठेवलीत," ती म्हणे. किनाऱ्यावर तपकिरी, फितीसारख्या पानांचे ढीग, लाटांनी आणून टाकलेले, वरून वाळलेले आणि आतून ओले. त्यांच्यावरून चालताना कापसाच्या गादीवर चालल्यासारखे होते. पाय काढला की आतून आयोडिनचा, कुजक्या पानांचा आणि मिठाचा वास वर येतो, असे तिचे वर्णन ऐकताना माझ्या नाकालाही तो वास आला होता. रिसॉर्टचे लोक ते गवत रोज सकाळी यंत्राने ओढून बाजूला करत, आणि समुद्र ते रात्रीतून परत आणत असे. "दोघांचा पन हट्ट," काकी म्हणाली.

आणि रिसॉर्टच्या कडेने एक ओढा होता. डोंगरातून करवंदाएवढ्या फळांच्या झुडपांमधून येणारा, गुलाबी फुलांच्या कण्हेरीखालून वाहणारा. कण्हेर तिने लगेच ओळखली. बगळा ओळखला. "आपलाच बगला, गो. तसाच एका पायावर. त्याला तर व्हिसा लागला नाय." ओढ्याच्या मुखाशी वाळूचा आणि त्या वाहून आलेल्या गवताचा बांध तयार झाला होता, आणि त्या बांधाआड डोह. त्या डोहात बेडूक होते, बोटभर मासे होते, आणि कासवे. सकाळी ती एका सपाट दगडावर येऊन ओळीने उन्हाला बसत. त्यांतल्या सर्वांत मोठ्या कासवीच्या पाठीच्या कडेला टवका उडालेला होता. काकीने तिचे नाव म्हातारी ठेवले. म्हातारी वर आल्याशिवाय ती चहा घेत नसे.

"कुणाशी बोलता दिवसभर?" मी विचारले.

"हाय ना म्हातारी. ती बी माझ्यासारकीच. हाक मारली का ऐकत नाय, आवाज केला का पान्यात जाते."

पुढे जे झाले, ते मी दोन तोंडांतून ऐकले आहे. आणि दोन्ही तोंडे खरे बोलत होती.

उन्हाळा चढला तसे डोंगरातून येणारे पाणी बारीक झाले. डोह हिरवा पडला. त्याला वास येऊ लागला. छत्र्यांखालची माणसे नाकाला रुमाल लावू लागली. काकी रोज त्या बांधाकडे पाहत राही. तिच्या माहेरी खारजमिनीत अशीच उघाडी असते. शेतातले साचलेले पाणी खाडीत सोडायचे दार. ते गाळाने तुंबले की जाणते लोक अमावास्येची पहाट धरतात. पहाटे खोल ओहोटी. दार मोकळे केले की सगळी घाण ओढून जाते. दुपारी उधाणाची भरती येते आणि हवे तेवढे ताजे पाणी आत घेऊन दार लावता येते. तिच्या बापाने हे केले होते, सासऱ्याने केले होते, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी कमरेइतक्या चिखलात उभी राहून तिनेही केले होते. त्यात चुकण्यासारखे काही नव्हते.

तिने पंचांगातली अमावास्या धरली. पहाटे माळ्याचे फावडे घेतले, लुगडे खोचले आणि बांध फोडला.

"कसं गेलं पानी," ती मला सांगे, आणि तेवढ्यापुरता तिचा चेहरा उजळे. "हिरवं, मंग कालं, मंग निवल. मी म्हटलं, सुटलास बाबा." समुद्र तिथे नेहमी किंचित खालीच असतो, डोह सकाळच्या न्याहारीपर्यंत रिकामा झाला. मग ती दगडावर बसली, फावडे आडवे ठेवून, समुद्राकडे तोंड करून. भरतीची वाट पाहत. पाहुण्यांची पोरे जमली. त्यांना वाटले, काही खेळ आहे. तीही तिच्या शेजारी ओळीने बसली, समुद्राकडे तोंड करून.

सूर्य डोक्यावर आला. समुद्र त्याच दगडाला टेकलेला होता.

डोहाच्या तळाशी चिखलात मासे उडू लागले होते. कासवे निघाली, काही वाळूवरून छत्र्यांकडे, काही समुद्राकडे, काही नुसतीच गोल गोल. खाऱ्या पाण्याच्या कडेला येऊन थबकत आणि मान आत घेत. कोणीतरी स्वयंपाकघरात निरोप दिला. दिनेश ॲप्रनवरच धावत आला.

"आई, काय केलंस?"

"थांब. भरती येतेय. अवस हाय आज."

"आई, हा समुद्र भरत नाय."

"भरत नाय म्हंजे?"

"म्हंजे भरती नाय इथं. नसते. वीतभर असंल-नसंल."

"मग मी इचारलं तवा असते थोरी बोल्लास?"

दिनेशने मला फोनवर हे सांगितले. "मला काय माहीत, बाई, ती त्याच्यावर काही करेल," तो म्हणाला. "मी ऑर्डरीत होतो."

मग सगळ्यांनी मिळून कासवे उचलली. भाज्यांच्या टोपल्या, मोठी पातेली, पावाचे ट्रे, जे हाताला लागले त्यात घालून ओढ्याच्या वरच्या अंगाला, कण्हेरीच्या सावलीत जिथे अजून पाणी होते तिथे नेऊन सोडली. मासेही पाण्यासकट नेले. तेल लावलेली माणसे उठून या कामाला लागली होती. काकी प्रत्येक टोपलीत वाकून पाहत होती. टवका उडालेली म्हातारी कोणत्याच टोपलीत नव्हती.

म्हातारा माळी सारे पाहत उभा होता. शेवटी काकीने त्याला हातवारे करून विचारले, डोह परत भरेल का, ती परत येईल का. त्याने मान मागे टाकली आणि जिभेने एकदा च्‌ केले.

"तिकडे त्याचा अर्थ 'नाही' असा होतो," दिनेशने मला समजावले.

"काय नाही?"

"तेच तर. काळजीचं कारण नाही म्हणाला, की भरणार नाही म्हणाला, कोण जाणे. पण तसाही दर उन्हाळ्याच्या शेवटी तो डोह आटतोच. आईने थोडा आधी रिकामा केला, एवढंच. मालकसुद्धा काही बोलले नाहीत. तुम्ही जरा सांगा तिला."

मी सांगितले. श्रावणात ती परत आली तेव्हा सांगितले, गणपतीत सांगितले, नवरात्रात सांगितले. ती शांतपणे ऐकून घेई आणि म्हणे, "आटतो तो त्याच्या चालीनं आटतो. तवा त्यांना वाट बगायला सवड मिलते. मी सवड नाय दिली."

येताना तिने ते तपकिरी गोळे आणले होते, आणि आणखी काहीतरी तिकडेच ठेवून आली होती. परतल्यावर काही दिवसांनी तिने मला नेहमीसारखे सांगितले, "वहोटी लागली. चल, पुलावर जाऊन येऊ, खेकडेवाल्या बसल्या असतील." आम्ही गेलो. पुलाखाली पाणी काठोकाठ भरलेले होते. भरतीचा तो जड, मातकट वास थेट वरपर्यंत येत होता, आणि खेकडेवाल्या कुठेही नव्हत्या. काकी कठड्याला धरून खाली पाहत राहिली. मग आपल्या पावलांकडे पाहिले. मग परत पाण्याकडे.

"माझं आतलं पानी थांबलं, गो बाय," ती म्हणाली.

डॉक्टरांना काही सापडले नाही. वय, म्हणाले. पण विस्मरण म्हणावे तर तिला साऱ्या इमारतीतल्या मुलांचे वाढदिवस तोंडपाठ होते. मनात दोन पाणी एकमेकांत मिसळली होती एवढेच. इकडे धोधो पाऊस लागला की ती खिडकीशी बसून हळहळे, "इथं यवढा परतो, तिथं थेंब नाय." तिकडे पाऊस थंडीत पडतो, असे कळल्यावर ती आणखी गोंधळली. मग तिकडचा आषाढ पौषात येतो काय? मग म्हातारीला कसे कळणार, कधी निघायचे? मी थाळीत पाणी घेऊन तिला समजावण्याचा प्रयत्न केला: मोठा महासागर, त्याच्या कडेला हा आत शिरलेला समुद्र, त्याचे तोंड अरुंद, म्हणून चंद्राने ओढलेले पाणी आत पोचत नाही.

तिने थाळीकडे बराच वेळ पाहिले. "तोंड तर आपल्या खारीचं पन अरुंद हाय," ती म्हणाली. "न् चंद्र तोच हाय. मी तिथं बगितला. हाच."

मी थाळीतले पाणी कुंडीत ओतले. माझ्या कवितांतून चंद्र आणि समुद्र किती सहज शेजारी येऊन बसतात. त्या दोघांमध्ये खरोखर काय चालते, हे मला तेव्हा पहिल्यांदाच माहीत नसल्यासारखे वाटले.

दिनेशचा फोन आला की ती त्याची खुशाली विचारण्याआधी विचारे, "डोह भरला?" दिवाळीनंतर तिकडे पाऊस सुरू झाला. दिनेश कॅमेरा घेऊन डोहावर गेला. वाळूचा बांध परत उभा राहिला होता, समुद्राने नवे गवत आणून त्याला लिंपले होते, आणि आड पाणी होते. पावसाच्या थेंबांनी पुटकुळ्या आलेले, करडे, पण पाणी.

"बग आई, भरला."

"पानी हाय. ती कुठं हाय?"

"थंडीत झोपतात ती चिखलात. आता कोणीच दिसणार नाय. वसंतात दिसतील."

ती खूप वेळ त्या करड्या चौकोनाकडे पाहत राहिली. मला वाटले, समाधान झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वर आली, पदराने घाम पुसत, आणि म्हणाली, "दिनेशला सांगितलं, कागद कर. फाल्गुनात जाते."

दिनेश दर वर्षी बोलवत होता तेव्हा ती आपणहून गेली नव्हती. आता एका कासवासाठी निघाली होती. मुलाला याचा आनंद झाला असेल की आणखी काही, मी विचारले नाही.

जाण्याच्या दिवशी टॅक्सीत बॅगा चढल्या. तांदळाची पिशवी, पापड, आणि सात घड्यांत गुंडाळूनही लपत नसलेला जवळा. निवृत्त साहेब खाली आले होते. "विमानात वास येईल हो," ते म्हणाले, पण आवाज वेगळा होता. "वारा फिरला का जाईल," काकी म्हणाली. मग माझा हात धरून, "डोह भरलेला हायच. ती दिसली का निगते. आंब्याला इथं हाय मी. दाराला पानी शिंपत जा."

आंबे आले आणि गेले. मी दाराला पाणी शिंपत राहिले.

मध्ये एकदा दुपारी फोन वाजला. तिकडे सकाळ होती. पडद्यावर आधी आकाश आले, मग दिनेशचा अंगठा, मग डोह. कडेला कण्हेर फुललेली. पाणी निवळ, हिरवट, काचेसारखे स्थिर. आणि ढिगावर, त्या तपकिरी फितींच्या गादीवर, पाठमोरी उकिडवी बसलेली काकी. लुगडे खोचलेले, पावले फाकलेली. तिच्या पलीकडे पाण्यात तो सपाट दगड होता आणि त्या दगडावर काहीतरी गोल, तपकिरी.

"आलीय एक," दिनेश हळू आवाजात म्हणाला. "चार दिवस झाले, रोज येते. आई म्हणते ही तीच की दुसरी, कळत नाय. पाठीला चिखल लागलाय, टवका दिसत नाय. मी म्हटलं, आई, तीच असेल, कशाला एवढं." मग तो मोठ्याने म्हणाला, "आई, फोनवर बाई हायत. बोल ना."

काकीने मागे वळून पाहिले नाही. एक हात फक्त खांद्यामागे आला, तळवा उघडा, थांबवणारा.

"गप," तिचा आवाज आला, वाऱ्यातून, बारीक. "बाईला सांग, म्हातारीची वलख पटली का मी येते. आता आवाज नको. आवाज केला का ती पान्यात जाते."

फोन त्याने तसाच धरून ठेवला. पाणी हलत नव्हते, दगड हलत नव्हता, ती हलत नव्हती. माझ्या मागे ओट्यावर कुकरची वाफ चढत होती, शिट्टी आता होईल अशी कुजबुज सुरू झाली होती. मी पाय न वाजवता गेले आणि गॅस बंद केला. पनवेलच्या स्वयंपाकघरातल्या शिट्टीने त्या बेटावरचे कासव पाण्यात जाईल, असे मला त्या क्षणी का वाटले, ते मला सांगता येत नाही.